घंगाळातल्या टिकल्यांना फुलं का आली?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात थोडं हिरवं पाणी घेऊन प्रयोगशाळेत आली. "मॅडम, आमच्या टिकल्यांना काहीतरी झालंय. कडेला पांढरं पांढरं दिसतंय. बुरशी असेल का?"

टिकल्या म्हणजे डकवीड, शास्त्रीय भाषेत लेम्ना. कुर्ल्याच्या मासळीबाजारातून शोभेचे मासे किंवा पाणवनस्पती आणल्या की पिशवीतून ही न मागता घरी येते. तीन-चार मिलिमीटरचं हिरवं चपटं अंग आणि त्याखाली लोंबणारं एकच मूळ. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक खिसे असतात. त्या खिशांतून नवी टिकली बाहेर येते, थोडे दिवस आईला चिकटून राहते आणि मग सुटते. हवामान मानवलं तर दोन-तीन दिवसांत संख्या दुप्पट होते. वर्षानुवर्षं असंच चालतं, त्यामुळे बहुतेकांना वाटतं की हिला फूल येतच नाही.

डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बुरशी नव्हती. एका टिकलीच्या खिशातून दोन पुंकेसर बाहेर डोकावत होते, परागकोश फिकट पिवळे. शेजारी बुटका स्त्रीकेसर होता आणि त्याच्या टोकावर पाण्याचा एक चिमुकला थेंब. पाकळ्या नाहीत, निदल नाहीत. सगळं मिळून सुईच्या टोकाएवढं. पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय, पण मुंबईतल्या घरच्या पाण्यात लेम्ना फुललेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. डब्यातल्या जवळपास प्रत्येक दहा-बारा टिकल्यांमागे एक फुललेली होती.

मुळाच्या टोकाची टोपी टोकदार होती आणि मुळाच्या बुंध्याशी आवरणाला पंखासारख्या कडा होत्या. त्यावरून ही लेम्ना इक्विनॉक्टियालिस असं आम्ही ठरवलं. जुन्या संशोधनात ही लेम्ना पॉसिकोस्टाटा या नावाने भेटते आणि त्याआधीच्या काही लेखांत परपुसिला म्हणून. हे नाव पुढे फार उपयोगी पडलं, कारण फुलण्याच्या बाबतीत हिच्याइतका अभ्यास झालेल्या पाणवनस्पती थोड्याच आहेत. ही लघुदिन वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधाराची असली तर ती फुलते. मध्यरात्री थोडा वेळ तांबडा प्रकाश पडला तरी तिला ती रात्र लांब वाटत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न होता, "रात्री तिथे अंधार असतो का?"

"कुठला अंधार मॅडम? आमच्या गॅलरीतली ट्यूब रात्रभर चालू असते. संडासाला जायला लागतं ना लोकांना."

म्हणजे हिला रात्र अशी मिळतच नव्हती. तरी ती फुलली होती. हे प्रकरण घरी जाऊन बघायलाच हवं असं मला तेव्हाच वाटलं.

गिरगावातली चाळ, दुसरा मजला, सामाईक गॅलरी. खोलीच्या दाराशेजारी तिवईवर एक मोठं तांब्याचं घंगाळ ठेवलेलं. आजीच्या सासूबाईंचं, आंघोळीचं पाणी काढायचं. आता त्यात कुमुदिनीचं एक रोप आणि भोवती टिकल्यांचा थर. वर दीड हातावर ट्यूब. पाणी साधारण वीस लिटर. आजींनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"बाई, मी काही खत-बित घालत नाही हो त्यात. आटलं की सकाळचं नळाचं पाणी भरते. आणि शनिवारी अर्धी गोळी."

"कसली गोळी?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. विद्यार्थिनीची आई बाहेर आली. आजोबांना हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची गोळी असते. चौदा गोळ्यांचं पाकीट तेरा दिवसांतच संपत होतं आणि आजोबा दुपारी चुकून दुसरी गोळी घेतात की काय, या काळजीने ती महिनाभर त्यांच्यावर नजर ठेवून होती. आजींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की फुलदाणीत ॲस्पिरिन टाकलं तर गुलाब टिकतात. कुमुदिनीची कळी गळू नये म्हणून त्या दर शनिवारी अर्धी गोळी मोडून घंगाळात टाकत होत्या. गोळीचा हिशेब लागला आणि त्या घरातला एक ताण तिथेच संपला. मला मात्र वेगळीच धडधड सुरू झाली होती. लेम्ना आणि ॲस्पिरिन हे दोन शब्द एकत्र ऐकले की वनस्पतिशास्त्राच्या माणसाला एकच वर्ष आठवतं, १९७४.

त्या काळी फुलवणाऱ्या संप्रेरकाचा शोध जोरात चालला होता. दिवस-रात्रीची लांबी पान ओळखतं, पण फूल येतं शेंड्यावर. म्हणजे पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात त्या न सापडलेल्या निरोपाला 'फ्लोरिजेन' असं नाव देऊन ठेवलं होतं. अमेरिकेत चार्ल्स क्लेलंड यांनी एक सुरेख युक्ती केली. झॅन्थियमवर, म्हणजे शेताच्या बांधावर धोतराला चिकटतात त्या काटेरी फळांच्या झुडपावर, मावा सोडला. मावा रसवाहिनीत सोंड खुपसून रस पितो आणि मागून गोड चिकटा टाकतो. निरोप रसातून जात असेल तर तो चिकट्यात उतरायला हवा. तो चिकटा गोळा करून लेम्ना गिबाच्या, म्हणजे टिकलीच्याच दुसऱ्या एका जातीच्या, पाण्यात घातला, आणि एरवी ज्या लहान दिवसांत ती फुलत नाही त्यात ती फुलली. चिकट्यातला कारक घटक वेगळा काढला तो निघाला सॅलिसिलिक आम्ल. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज वाढतो त्याच्या प्रजातीच्या नावावरून, सॅलिक्सवरून, या आम्लाला नाव पडलंय, आणि ॲस्पिरिन हे त्याचंच ॲसिटिल रूप. ॲस्पिरिन पाण्यात राहिलं की काही दिवसांत फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल होतं. जुन्या गोळ्यांच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो यामुळेच.

फ्लोरिजेन मात्र ते नव्हतं. फुललेल्या आणि न फुललेल्या, दोन्ही झॅन्थियमच्या चिकट्यात सॅलिसिलिक आम्ल सारखंच होतं. खरा निरोप एक लहानसं प्रथिन आहे, एफटी नावाचं, हे २००७ मध्ये पक्कं झालं. पण टिकल्यांना सॅलिसिलिक आम्लाने फुलं येतात ही गोष्ट खरीच राहिली, आणि तीही लिटरमागे काही मायक्रोमोल इतक्या कमी मात्रेत.

विद्यार्थिनीने गणित तिथेच वहीच्या मागच्या पानावर केलं. अर्धी गोळी म्हणजे साडेसदतीस मिलिग्रॅम. ॲस्पिरिनचा रेणुभार १८०. वीस लिटरात विरघळली की लिटरमागे साधारण १० मायक्रोमोल. पाठ्यपुस्तकातली मात्रा, आणि आजींनी ती केवळ काटकसर म्हणून निवडलेली, कारण अख्खी गोळी टाकायला जीव होईना.

"मग झालं की मॅडम! ॲस्पिरिनने फुलं आली. प्रोजेक्ट तयार."

मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. उठता उठता सहज विचारलं, "डास होत नाहीत का यात?" पालिकेची माणसं साठलेल्या पाण्यात अळ्या बघायला येतात, म्हणून आजींनी आधीच बंदोबस्त केला होता.

"गप्पी सोडले होते की. आठ. पाणी दोन दिवस शिळं करून मग सोडले, तो विकणारा म्हणाला तसे. चौथ्या दिवशी एकही राहिला नाही. कुमुदिनीबरोबर दोन गोगलगाई आल्या होत्या, त्याही मेल्या. मग मी मासे नाही आणले."

गप्पी हा चिवट मासा, गटाराच्या पाण्यात जगतो. क्लोरीनने मेले म्हणावं तर पाणी शिळं केलेलं होतं. गोगलगाईंना तर एका गोष्टीचं फार वावडं असतं. मी घंगाळाच्या आतून बोट फिरवलं. पाण्याच्या रेषेवर हिरवट-निळी किनार होती.

"आजी, यात ताक ठेवाल का?"

"छे! कळकेल ना. तांब्यात आंबट कुणी ठेवतं का? कल्हई असती तर गोष्ट वेगळी."

कळकणं. तांबं पाण्यात उतरतं हे आपल्या आज्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्याला स्वतंत्र क्रियापद आहे. आणि आजींनी कुमुदिनी लावण्याआधी घंगाळ चिंचेने लख्ख घासून घेतलं होतं, म्हणजे वरचा काळा थर जाऊन उघडं तांबं पाण्याला भिडत होतं. वर दोन महिने पाणी आटतंय आणि भरलं जातंय, बदललं कधीच जात नाही. आटताना तांबं उडून जात नाही, मागे साठत राहतं.

तांब्याचा आणि लेम्नाचा संबंध मला वाचलेला आठवत होता. विल्यम हिलमन यांनी १९६२ मध्ये याच जातीच्या ६७४६ क्रमांकाच्या वाणावर दाखवलं होतं की पाण्यात अगदी थोडं तांबं मोकळं असलं तर टिकलीची दिवस-रात्र मोजण्याची जाण बोथट होते. मग ती सततच्या उजेडातही फुलते. ईडीटीए घातलं, म्हणजे धातूचे आयन घट्ट धरून ठेवणारं रसायन घातलं, की तांबं बांधलं जातं आणि ती पुन्हा लांब रात्रीची वाट बघू लागते. दिल्ली विद्यापीठात सतीश माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुल्फिया मायक्रोस्कोपिका या टिकलीहून लहान, खसखशीएवढ्या भारतीय वनस्पतीवर १९६० च्या दशकापासून असंच काम केलं. धातू धरणारी रसायनं आणि सायटोकायनिनं नावाची वनस्पती-संप्रेरकं, या दोन्हींनी तिचं फुलणं हलवता येतं हे त्यांनी दाखवलं. जमिनीवरच्या झाडाला मूळ चाळणीसारखं काम करून देतं. टिकलीचं तसं नाही. तिचं अख्खं अंग पाण्याला टेकलेलं असतं आणि पाण्यात जे आहे ते सगळं तिच्या आत पोचतं. त्यामुळे तिच्या बाबतीत भांडं हासुद्धा माध्यमाचाच भाग धरायला हवा, आणि ते आम्ही दोघींनीही सुरुवातीला धरलं नव्हतं.

आता संशयित दोन झाले, आणि दोघांना वेगळं करायला ईडीटीए हातात होतं. तांब्याचं काम ईडीटीएने थांबायला हवं. ॲस्पिरिनचं थांबायचं कारण नाही.

प्रयोग साधाच होता, पण एका गोष्टीवर मी अडून बसले. घंगाळातून उचललेली टिकली थेट बीकरमध्ये टाकायची नाही. तिच्या खिशात फुलाचे अंकुर आधीच बसलेले असू शकतात. म्हणून एकच टिकली घेतली, पौष्टिक द्रावणात काचेच्या भांड्यात दोन आठवडे वाढवली आणि तिच्या पिलांच्या पिलांवर काम केलं. सगळ्यांची जनुकं एक, आणि घंगाळातलं जुनं तांबं वाटणी होत होत नगण्य झालेलं. सततच्या उजेडातल्या त्या दोन आठवड्यांत फुलं हळूहळू बंद झाली. काही न घालता फुलणं थांबलं, म्हणजे कारण घंगाळाच्या पाण्यातच होतं.

मग आम्ही बीकर मांडले, प्रत्येक प्रकाराचे तीन. भांडी आम्लाने धुतलेली, सगळी काचेची. सगळ्यांत मूळ द्रावण एकच, त्यात लोह विरघळतं राहील एवढंच ईडीटीए. दिवा चोवीस तास चालू. काहींत काहीच नाही, काहींत थोडं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, काहींत मोरचूद आणि वर जास्तीचं ईडीटीए, काहींत लिटरमागे ५ मायक्रोमोल ॲस्पिरिन, काहींत ॲस्पिरिन आणि जास्तीचं ईडीटीए. एक संच बुटांच्या खोक्याखाली, रोज चौदा तास अंधारात. आणि शेवटी घंगाळाचंच पाणी गाळून, एकदा तसंच आणि एकदा ईडीटीए घालून.

खोक्याखालचा संच सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत भरघोस फुलला, म्हणजे ही खरोखर लघुदिन वनस्पती होती. उजेडातल्या साध्या बीकरमध्ये एकही फूल नाही. मोरचुदाच्या बीकरमध्ये फुलं आली, पण टिकल्या लहान, मुळं आखूड, रंग उतरलेला. त्याच मोरचुदाबरोबर जास्तीचं ईडीटीए होतं तिथे टिकल्या मोठ्या, गर्द हिरव्या आणि बिनफुलांच्या. दोन बीकर शेजारी ठेवले तर तांबं दोन्हींत तेवढंच आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. मी वर्गात फलकावर हे वीस वेळा लिहिलं असेल की एकूण धातू किती यापेक्षा मोकळा धातू किती हे महत्त्वाचं, पण त्या दोन बीकरांइतकं ते मला कधी सांगता आलं नव्हतं.

ॲस्पिरिनच्या तीनपैकी दोन बीकरमध्ये मोजकी फुलं दिसली, आणि ईडीटीए वाढवलं तरी ती येतच राहिली. इथे एक गुंता आहे. सॅलिसिलिक आम्ल स्वतःही धातू पकडतं, त्यामुळे ते फुलवतं ते धातू धरून, असा तर्क काही शास्त्रज्ञांनी मांडला होता. पण त्याचा साधा भाऊ बेंझॉइक आम्ल, ज्याच्याकडे धातू धरायचा तो शेजारचा हायड्रॉक्सिल गट नाही, तोही याच जातीच्या एका वाणाला फुलवतो. तेव्हा धातू धरणं हे पूर्ण उत्तर नाही. झाडाच्या शरीरात सॅलिसिलिक आम्ल रोगाची हाकाटी पिटवतं, संरक्षण जागं करतं. टिकलीसाठी फूल आणि बी ही संकटातून पलीकडे जायची वाट आहे. जपानी संशोधकांना २००० च्या सुमारास याच लेम्नाने कोरड आणि उष्णता सोसल्यावर पाण्यात सोडलेलं एक मेदाम्लज संयुग सापडलं होतं, आणि तेही फुलण्याशी जोडलेलं निघालं. मला हे धागे एकमेकांशी जुळताना दिसतात. तांब्याचा जाच, रोगाची चाहूल, उन्हाची झळ, यांपैकी काहीही अंगाशी आलं की ही वनस्पती रात्रीचा हिशेब सोडून फुलू शकते.

विद्यार्थिनीला मात्रा वाढवायचा मोह आवरेना. एका लिटरात अर्धी गोळी टाकून तिने एक जादा बीकर केला, म्हणजे दोनशे मायक्रोमोलच्या वर. पाच दिवसांत टिकल्या पांढऱ्याफटक झाल्या आणि फुलाचा पत्ता नाही. तो बीकर तिने टाकून दिला नाही, प्रकल्पाच्या वहीत त्याला पूर्ण पान दिलं. मला त्याचा फार आनंद झाला.

आणि घंगाळाचं पाणी? तसंच ठेवलेल्या बीकरमध्ये भरपूर फुलं. ईडीटीए घातलेल्यात फुलं अगदी कमी, पण शून्य नाहीत. म्हणजे मोठा वाटा तांब्याचा आणि उरलेला बहुधा शनिवारच्या अर्ध्या गोळीचा. हे सगळं निर्जंतुक नव्हतं, शेवाळ आणि जिवाणू त्यात होतेच आणि जिवाणू सॅलिसिलिक आम्ल खातात, म्हणून वाट्याचे आकडे आम्ही लिहिले नाहीत. पण "ॲस्पिरिनने फुलं आली" हे पहिल्या दिवशीचं वाक्य तसंच लिहिलं गेलं असतं तर ते अर्धवट ठरलं असतं, आणि त्याचं वाईट वाटतं ते यासाठी की गणित बरोबर होतं, संदर्भ बरोबर होता, सगळं जुळत होतं. मेलेल्या गप्पींबद्दल आजी बोलल्या नसत्या तर आम्ही घंगाळाकडे बघितलंच नसतं.

मी त्यांना सांगायला पुन्हा गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. आजोबांच्या गोळ्या आता सुनेच्या कपाटात होत्या.

"म्हणजे माझ्या घंगाळाने त्यांना त्रास दिला."

"त्रास दिला म्हणून फुलल्या, असं म्हणता येईल."

"नको मग. फुलं नकोत तसली."

पावसाळ्याच्या तोंडावर घंगाळ रिकामं करून त्यांनी चिंचेने घासलं आणि आत पलंगाखाली ठेवलं. कुमुदिनी आणि टिकल्या आता प्लास्टिकच्या टबात आहेत, सहा गप्पी त्यात ठणठणीत फिरतात. वर ट्यूब तशीच रात्रभर जळते आणि टबात एकही फूल नाही. पण नातीने एका वाडग्यात मूठभर टिकल्या वेगळ्या काढून घेतल्यात. रोज संध्याकाळी सहाला ती त्यावर बुटांचं खोकं पालथं घालते, सकाळी आठला उचलते. ती कॉलेजला लवकर निघाली तर खोकं आजी उचलतात.

परवा तिने मला भिंगातून काढलेला फोटो पाठवला. सुकत आलेल्या टिकलीच्या कडेला एक बी आहे, राळ्याच्या दाण्याहून लहान, अंगावर उभ्या रेघा. खाली लिहिलंय, "आजी विचारतेय, हे पेरायचं कसं?"